मधाचे बोट : ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ या वाक्याविरुद्ध

१/ मराठीत ‘मधाचे बोट लावणे’ असा जुना वाक्प्रचार आहे. गोड आशा दाखवून समोरच्याला भुलवायचे आणि प्रत्यक्षात हाती काहीच द्यायचे नाही, असा त्याचा अर्थ. समाजमाध्यमांवर ‘इतिहास’ म्हणून फिरणाऱ्या मधाविषयीच्या मजकुराला तो तंतोतंत लागू पडतो. त्यातली तीन विधाने तुम्ही सर्वांनी वाचली असतील. एक : तुतानखामुनच्या थडग्यात तीन हजार वर्षांपूर्वीचा मध सापडला आणि तो आजही खाण्याजोगा आहे. दोन : मध हे जगातील पहिले अँटिबायोटिक होय. तीन : मधातील एन्झाइम उष्णतेने नष्ट होते हे आपल्या ऋषींना ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी मध तापवण्यास मनाई केली.

२/ या मजकुराखाली धावून येणारा दुसरा पक्षही ठरलेला असतो. ‘आजीबाईच्या बटव्यातले थोतांड. अंधारात हजार दगड मारले, त्यातला एक लागला, एवढेच.’ माझे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे. पहिला पक्ष पूर्वजांच्या तोंडी आपले शब्द कोंबतो. दुसरा पूर्वजांना डोळे होते हेच नाकारतो. मध जखमेवर खरोखर गुण देतो. मात्र हे कुणी पाहिले, त्याचे कारण कुणी शोधले आणि त्याची मर्यादा कुठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन निरनिराळ्या काळांत सापडतात. ती एकमेकांत मिसळली की काय अनर्थ होतो, हे धाग्याच्या शेवटी येईल. तिथे प्रश्न नवजात बाळाच्या जिवाचा आहे, म्हणून ही निव्वळ वादासाठी वादावादी नव्हे.

३/ प्रथम साधने पाहू. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला अस्सल कागदाचा आग्रह शिकवला. बखरीतले वाक्य समकालीन पत्राशी ताडून पाहिल्याशिवाय आपण स्वीकारत नाही. तीच कसोटी इथेही लावू.

मधाच्या बाबतीतला एक अस्सल कागद म्हणजे एडविन स्मिथ पपायरस. १८६२ मध्ये एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने तो लक्सर येथे विकत घेतला. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये प्रसिद्ध केला. ही प्रत सुमारे इ.स.पूर्व १६०० ची असून मूळ मजकूर त्याहून जुना असावा, असे अभ्यासक मानतात. त्यात ४८ रुग्णप्रकरणे आहेत : डोक्यापासून सुरुवात करून खाली सरकणारी, जखमा आणि मोडलेली हाडे यांची पद्धतशीर नोंद. अनेक जखमांसाठी उपाय जवळजवळ सारखाच आहे. पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे आणि त्यानंतर जखम भरेपर्यंत रोज चरबी, मध व तंतूंची पट्टी लावावी.

४/ त्या पपायरसातली दुसरी एक गोष्ट मजकूर फिरवणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात वैद्य तपासणीनंतर तीनपैकी एक निर्णय देतो : ‘यावर मी उपचार करीन’, ‘याच्याशी मी झुंज देईन’, किंवा ‘हा उपचार करण्याजोगा विकार नव्हे’. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा हा वैद्य आपली मर्यादा लेखी मान्य करतो. आज त्याच्या नावाने ‘मधाने सर्व काही बरे होते’ असे लिहिणाऱ्यांना मात्र त्या तिसऱ्या निर्णयाची आठवण राहत नाही.

५/ आता आपल्याकडचा कागद. सुश्रुतसंहिता ही एका दिवसात, एका हाताने लिहिलेली नाही. तिच्यात शतकानुशतके भर पडत गेली. व्रणोपचाराच्या बाबतीत मात्र ती विलक्षण नेमकी आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणावरचे ६० उपक्रम सांगितले आहेत. सूत्रस्थानात शस्त्रकर्मानंतरची रीत येते : व्रण काढ्याने धुवावा, तिळाचा कल्क, मध व तूप माखलेली वात आत ठेवावी आणि वरून पट्ट बांधावा. मधाच्या गुणांत शोधन आणि रोपण, म्हणजे जखम स्वच्छ करणे आणि ती भरून आणणे, हे गुण स्पष्टपणे नोंदलेले आहेत. मधाचे आठ प्रकार दिले आहेत, चरकसंहितेत चार. नवा मध आणि जुना मध यांच्या गुणांतही भेद केला आहे.

६/ नाईलकाठचा वैद्य आणि गंगेकाठचा वैद्य यांनी एकमेकांचे ग्रंथ वाचले होते, असे मानण्यास काही आधार नाही. तरीही दोघे एकाच ठिकाणी पोहोचले : जखमेवर मध आणि स्निग्ध पदार्थ. ‘अंधारातला दगड’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. दगड एकदा लागला तर तो योगायोग. दोन दूरच्या संस्कृतींत तो नेमका त्याच फांदीला लागला, तर नेम धरणाऱ्याला काहीतरी दिसत होते असे म्हणावे लागते.

७/ हे तपासूनही झालेले आहे. ग्विदो माइनो या विकृतिशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ‘द हीलिंग हँड’ हा प्राचीन जगातील जखमांच्या उपचारांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भारतीय वैद्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. माइनो केवळ ग्रंथ वाचून थांबले नाहीत. इजिप्शियन पद्धतीने मध व चरबी यांचे मलम करून ते त्यांनी प्रयोगशाळेत जीवाणूंवर वापरून पाहिले. जीवाणू त्यात तग धरू शकले नाहीत. म्हणजे पपायरसातला उपचार निरुपद्रवी टोटका नव्हता. तो परिणामकारक होता.

जखम ही डोळ्यांसमोर असते. आज पट्टी बांधली, उद्या सोडली. वास कमी झाला की नाही, पू थांबला की नाही, कडा जुळू लागल्या की नाही, हे चार-आठ दिवसांत कळते. रणांगणे आणि बांधकामे जिथे सतत चालू, तिथे अशा शेकडो जखमा एकेका वैद्याच्या हाताखालून जात. या मार्गाने मिळालेले ज्ञान हे खरे ज्ञान आहे. त्याला थोतांड म्हणणे हे अज्ञान आहे.

८/ इथवर पहिला पक्ष खुशीत असेल. आता त्यांच्याकडे वळू. मध तापवू नये, तापलेल्या माणसाने घेऊ नये, हा नियम चरकसंहितेत निश्चित आहे. प्रश्न असा की ग्रंथकर्त्याने त्याचे कारण काय दिले? त्याने कारण दिलेले आहे, आणि ते एन्झाइमचे नाही. मधाचा संबंध विषाशी येतो, म्हणून उष्णतेशी त्याचा विरोध आहे, असे तो म्हणतो. मध गोळा करणारे कीटक विषारी, ज्या फुलांतून तो गोळा होतो त्यांतलीही काही विषारी. अशा द्रव्याला उष्णता मारक ठरते, ही त्या काळच्या शास्त्राची स्वतःची, आतून सुसंगत अशी मांडणी आहे.

९/ ती मांडणी आज आपण स्वीकारत नाही. पण ती *त्यांची* आहे. ती गुपचूप काढून टाकून तिच्या जागी विसाव्या शतकातले ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ बसवणे म्हणजे अस्सल पत्रातली ओळ खोडून आपल्या सोयीची ओळ लिहिणे होय. शिवकालीन पत्रात कुणी असा फेरफार केला तर आपण त्याला बनावट कागद म्हणतो. मग इथेच टाळ्या का वाजवायच्या? पूर्वजांच्या गौरवासाठी त्यांचाच युक्तिवाद पुसून टाकावा लागत असेल, तर तो गौरव त्यांचा नसतो. तो आपला असतो.

१०/ दुसरी लबाडी निवडीची आहे. इजिप्तच्या वैद्यकीय वाङ्मयातून मध तेवढा उचलायचा आणि शेजारच्या ओळी झाकायच्या. कहून येथे सापडलेल्या स्त्रीरोगविषयक पपायरसात गर्भनिरोधासाठी मगरीची विष्ठा सांगितली आहे. एबर्स पपायरस हा इ.स.पूर्व १५५० च्या आसपासचा. त्यात शेकडो नुस्खे आहेत, कित्येकांत मध आहे, आणि मंत्रतंत्रही आहेत. ‘प्राचीन म्हणून बरोबर’ हा नियम मानायचा असेल तर मगरीच्या विष्ठेलाही तोच मान द्यावा लागेल. तो द्यायचा नसेल, तर मधाला मान का मिळतो याचे कारण प्राचीनतेखेरीज दुसरीकडे शोधावे लागेल.

११/ आता थडग्यातला मध. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्याला तीन साधे प्रश्न विचारा. तो मध चाखला कुणी? केव्हा? आणि उत्खननाच्या कोणत्या अहवालात तशी नोंद आहे? हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ मध्ये तुतानखामुनचे थडगे शोधले. त्यांच्या नोंदी ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या असून कुणालाही पाहता येतात. फिरणाऱ्या मजकुरात मात्र नोंदीचा उल्लेख नसतो. असतो तो चकाकणाऱ्या बरणीचा फोटो. भांड्यावर ‘मध’ असे लिहिलेले असणे, आत मध शिल्लक असणे, आणि तो कुणी खाऊन पाहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून तिसरीवर उडी मारणे हे इतिहासलेखन नव्हे. शिवाय ‘खराब न होणे’ आणि ‘रोगजंतू मारणे’ हेही एक नव्हे. मीठही खराब होत नाही.

१२/ मग मध जीवाणूंना रोखतो तो कसा? पहिले कारण सोपे आहे. पिकलेल्या मधात साधारण ८० टक्के शर्करा आणि जेमतेम १७-१८ टक्के पाणी असते. एवढ्या दाट द्रावणात पडलेल्या जीवाणूच्या पेशीतले पाणीच बाहेर ओढले जाते. मुरांबा टिकतो तो याच न्यायाने. दुसरे कारण आम्लता : मधाचा सामू बहुधा ३.२ ते ४.५ च्या दरम्यान असतो आणि बहुतेक रोगजनक जीवाणूंना ते सोसत नाही. पण एवढेच असते तर साखरेचा दाट पाक आणि चार थेंब लिंबू यांनी काम भागले असते. खरी गंमत तिसऱ्या कारणात आहे, आणि ते सापडायला सत्तर वर्षे लागली.

१३/ ती सत्तर वर्षे अशी. १८९२ मध्ये व्हॅन केटेल या डच संशोधकाने मधाच्या जीवाणुरोधक गुणाची नोंद केली. १९१९ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोच्या कृषी प्रयोगकेंद्रात सॅकेट यांनी एक वेगळाच प्रश्न घेतला : मधातून विषमज्वरासारखे आतड्यांचे रोग पसरू शकतात का? उत्तर मिळाले की ते जंतू मधात मरतात. त्याहून चमत्कारिक म्हणजे, मध थोडा पातळ केल्यावर त्याची मारकशक्ती वाढलेली दिसली. केवळ साखरेचा दाटपणा हे कारण असते तर ती घटायला हवी होती. १९३७ मध्ये जर्मनीत डोल्ड आणि सहकाऱ्यांनी या अज्ञात घटकाला ‘इनहिबिन’ असे नाव दिले. नाव मिळाले, ओळख पटली नाही. ती १९६२-६३ मध्ये जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पटवली. इनहिबिन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड.

१४/ मधमाशी मकरंदात आपल्या ग्रंथीतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम मिसळते. पिकलेल्या, दाट मधात ते जवळजवळ निद्रिस्त असते. मध जखमेवर लावला की जखमेतून पाझरणारा द्रव त्याला पातळ करतो. एन्झाइम जागे होते आणि ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेथोडे तयार होऊ लागते. थोडेथोडे, म्हणून जंतू मरतात आणि नव्या पेशींना फारशी इजा होत नाही. मध फार तापवला किंवा बराच काळ उजेडात ठेवला की हे एन्झाइम दुबळे होते. ‘कच्चा मध’ या शब्दाला काही शास्त्रीय अर्थ असेल, तर तो एवढाच.

१५/ पुढे कथा आणखी वळण घेते. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन यांना असे आढळले की मानुका या झुडपाच्या मधातील पेरॉक्साइड नष्ट केले तरी त्याची शक्ती उरते. (मानुका म्हणजे आपल्या मनुका नव्हेत; गैरसमज नको.) हे उरलेले द्रव्य मिथाइलग्लायऑक्झल असल्याचे २००८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील टोमास हेंले यांच्या गटाने दाखवले. २०१० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मधमाशीकडून मधात येणाऱ्या ‘बी डिफेन्सिन-१’ या प्रथिनाचाही वाटा सिद्ध केला.

१६/ यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘मध’ ही एकच वस्तू नाही. फुलोरा बदलला, माशी बदलली, साठवण बदलली की शक्ती बदलते. एका मधाची दुसऱ्याच्या कित्येक पटींनी भरते. आपल्याकडचा सातेरीचा मध, आग्या मोहोळाचा मध, महाबळेश्वरच्या जांभळाचा मध यांत किती जोर आहे, हे प्रत्येकाचे स्वतंत्र मोजमाप करूनच कळेल. मधाचे आठ प्रकार वेगळे मोजणाऱ्या सुश्रुताला हे सांगितले असते तर त्याला पटले असते. ‘सगळा मध सारखाच गुणकारी’ हे आजचे विधान मात्र त्याला पटले नसते.

आणि ‘पहिले अँटिबायोटिक’? अँटिबायोटिक शरीरात जाऊन, रक्तातून पोहोचून, विशिष्ट जीवाणूवर काम करते. मधाचे काम तो जिथे लावला तिथेच, स्पर्शाने चालते. सकाळी कोमट पाण्यातून घेतलेल्या चमचाभर मधाने रक्तातला जंतुसंसर्ग जात नाही. जखमेवरचा पुरावा पोटात घेण्यासाठी वापरणे हा बनाव आहे.

१७/ आता आपल्या घरचा एक अध्याय. तो अशा मजकुरांत कधीच येत नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांचा शोधनिबंध आला. भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट : एकाला मधात भिजवलेली पट्टी, दुसऱ्याला त्या काळचे प्रमाण मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. प्रतिजैविकांच्या झगमगाटात जगाने मध अडगळीत टाकला असताना सोलापुरात एक शल्यचिकित्सक रुग्ण मोजत बसला होता.

१८/ पण त्यांची खरी थोरवी पुढे आहे. त्यांनी मधाची तुलना एकामागून एक इतर उपायांशी केली, आणि १९९९ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात असाही निष्कर्ष प्रसिद्ध केला की मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात जळालेली त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणे हे मधाच्या पट्टीपेक्षा सरस ठरते. ज्या उपायाने नाव मिळवून दिले, त्याच्याविरुद्ध गेलेला निकाल त्याच हाताने लिहिला. पपायरसातल्या वैद्याचा आणि सुश्रुताचा वारस शोधायचा असेल तर तो इथे सापडतो.

१९/ २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जखमांवरील मधाच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. वरच्या थरातल्या भाजण्याच्या जखमा मधाने नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात, शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही फायदा दिसतो, असा निष्कर्ष निघाला. पायांवरच्या शिरांच्या व्रणांत फायदा दिसला नाही, आणि इतर अनेक जखमांविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असेही त्यात लिहिले आहे. भाजण्याच्या बऱ्याच चाचण्या एकाच केंद्रातून आल्या आहेत, ही नोंदही त्यांनी टाळली नाही. होकार कुठे, नकार कुठे, मौन कुठे : पुन्हा तेच तीन निर्णय.

२०/ ‘कच्चा’, ‘नैसर्गिक’ या शब्दांची मोहिनी उतरवायला दोन तथ्ये पुरेत. पहिले : रुग्णालयात जखमेवर लावायचा वैद्यकीय मध पोळ्यातून थेट येत नाही. त्यावर गॅमा किरणांचा मारा करून तो निर्जंतुक केलेला असतो. त्याने एन्झाइमची शक्ती टिकते आणि मधात सुप्त राहिलेले बीजाणू मरतात. त्यामुळे स्वयंपाकघरातली बरणी भाजलेल्या हातावर उपडी करू नका. आधी वाहत्या गार पाण्याखाली हात धरा, मग डॉक्टर गाठा.

दुसरे : इ.स.पूर्व ४०१ मध्ये झेनोफन आपली ग्रीक सेना घेऊन काळ्या समुद्राच्या किनाऱ्याकडे परतत असताना सैनिकांनी तिथला रानमध खाल्ला आणि शेकडो माणसे उलट्या व भ्रम होऊन आडवी झाली. तीन-चार दिवसांनी ती उठली. कारण होते रोडोडेंड्रॉनच्या फुलोऱ्यातले विष. त्या मधाइतका कच्चा आणि नैसर्गिक मध शोधून सापडायचा नाही.

२१/ आता ज्यासाठी हा सारा प्रपंच. आपल्याकडे बाळ जन्मले की त्याच्या जिभेला मध लावण्याची रीत अनेक घरांत आहे. ती मनाने रचलेली नाही. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत जातकर्माच्या वेळी नवजाताला मध-तूप चाटवण्याचे सांगितले आहे. म्हणजे ज्या ग्रंथाने जखमेवर मध बरोबर सांगितला, त्याच ग्रंथाने बाळाला मध सांगितला. ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ हे वाक्य खरे मानले, तर दोन्ही गोष्टी डोळे मिटून कराव्या लागतात.

२२/ आणि दुसरी करू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू ही जीवाणूची कवचबंद, झोपलेली अवस्था. मध त्यांना वाढू देत नाही, पण मारतही नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच वस्तीला असलेले जीवाणू त्यांना डोके वर काढू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. तिथे बीजाणू अंकुरतात आणि स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग दूध ओढण्याची ताकद कमी, रडणे क्षीण, मान आणि अंग सैल, आणि उपचार न झाल्यास श्वास थांबण्यापर्यंत मजल. हा रोग स्वतंत्रपणे ओळखला गेला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियात. तो दुर्मीळ आहे. पण टाळणे अगदी सोपे आहे : बाळ एक वर्षाचे होईपर्यंत मधाचा थेंबही नको.

२३/ मग सुश्रुताला हे का दिसले नाही? तो कमी बुद्धिमान होता म्हणून नव्हे. फार क्वचित एखाद्या बाळाला होणारा आजार, मध चाटवल्यानंतर काही दिवसांनी दिसणारा, आणि तोही अशा काळात जेव्हा कित्येक बाळे पहिल्या वर्षातच अनेक कारणांनी दगावत. त्या गर्दीत हा एक धागा वेगळा दिसणे कुणाही वैद्याला, कितीही तीक्ष्ण नजरेच्या, शक्य नव्हते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, प्रयोगशाळा लागते, आणि हजारो घरांतल्या नोंदी एका जागी आणणारी व्यवस्था लागते.

२४/ माझे म्हणणे एवढेच आहे. परंपरेच्या निरीक्षणाची एक निश्चित कक्षा असते. जे वारंवार घडते, डोळ्यांसमोर घडते आणि लवकर घडते, ते ती अचूक पकडते. जखमेवरचा मध या कक्षेत होता, म्हणून तो पकडला गेला. जे क्वचित घडते, आत घडते आणि उशिरा घडते, ते तिच्या हाती लागत नाही. बाळाच्या जिभेवरचा मध या कक्षेबाहेर होता, म्हणून तो निसटला. एकच द्रव्य, एकच ग्रंथ, आणि निकाल उलटे. पूर्वजांना सरसकट सर्वज्ञ किंवा सरसकट अडाणी ठरवणाऱ्यांना हा फरक कधीच दिसत नाही.

२५/ म्हणून पुढच्या वेळी असा मजकूर आला की त्याला चार प्रश्न विचारा. मूळ ग्रंथात हे कुठे आहे? ग्रंथकर्त्याने कारण कोणते दिले आहे? आज ते कुणी, किती रुग्णांवर तपासले? आणि कुठे ते लागू पडत नाही? उत्तरे मिळाली तर मजकूर जरूर पुढे पाठवा. न मिळाली तर तो बनावट कागद समजा. घरात नवे बाळ येणार असेल, तर आजीला, मावशीला, आत्याला हे प्रेमाने आणि आदराने सांगा : रीत म्हणून बाळाच्या कपाळाला गंध लावू, कानात नाव सांगू, मध मात्र पहिल्या वाढदिवसानंतर.

मधाचे बोट इतिहासालाही नको आणि बाळालाही नको. बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ आहात. लेखनसीमा.